पत्र पोहोचविणारा

शास्त्रभाग : कलस्सैकरांस ४:७-९, फिलेमोनाला १७-१९, २ करिंथ ३:१-३



नव्या करारात तुखिक नावाचा एक मनुष्य आहे. प्रेषितांची कृत्ये, इफिसकरांस पत्र, कलस्सैकरांस पत्र, तीमथ्याला दुसरे पत्र आणि तीताला पत्र अशा पाच ठिकाणी त्याचे नाव येते. पण त्याच्या तोंडचे एकही वाक्य शास्त्रात नोंदलेले नाही. त्याने कोणाला बरे केल्याचे वाचावयास मिळत नाही. तो आशिया प्रांतातला होता आणि त्याने पौलाची पत्रे नेली, एवढेच आपल्याला ठाऊक आहे.

त्या काळी रोमी साम्राज्याची टपालव्यवस्था होती. परंतु ती सरकारी कामापुरती होती. सामान्य माणसाला पत्र पाठवावयाचे तर कोणीतरी विश्वासू माणूस शोधावा लागे. पौल बंदिवासात होता. तो रोमेत होता असे धरले, तर तेथून कलस्सै हजार किलोमीटरहून कितीतरी अधिक दूर. वाटेत समुद्र, डोंगर आणि लुटारू. ती गुंडाळी तुखिकाच्या हातून पाण्यात पडली असती, किंवा कंटाळून त्याने ती एखाद्या धर्मशाळेत टाकून दिली असती, तर आज आपल्या हाती काय असते? पत्र लिहिणाऱ्याचे नाव जग घेते. पोहोचविणाऱ्याचे नाव शेवटच्या दोन ओळींत येते. तरी त्या दोन ओळींत पौलाने त्याला प्रिय बंधू, विश्वासू सेवक आणि प्रभूठायी सोबतीचा दास असे तीन प्रकारांनी गौरविले आहे.

या महिन्यात अशाच एका पत्र पोहोचविणाऱ्याचे स्मरण करण्याची इच्छा आहे. आमचे आजोबा उज्जैन येथे देवास गेट भागात पोस्टमन होते. सेवानिवृत्तीनंतर पुष्कळ वर्षे ते आम्हां नातवंडांत राहिले आणि आता प्रभूमध्ये झोपी गेले आहेत. ते मंडळीचे वडील नव्हते. व्यासपीठावरून ते कधी बोलले नाहीत. प्रार्थनासभेत त्यांची पाळी आली की त्यांची प्रार्थना सर्वांत आखूड असे.

आपण मृतांची पूजा करीत नाही. त्यांच्याकडे काही मागतही नाही. आपला मध्यस्थ एकच आहे. परंतु नीतिमानाचे स्मरण आशीर्वादाचे असते असे नीतिसूत्रांत सांगितले आहे (१०:७), आणि आपल्या बापाला विचार, तो तुला सांगेल, अशा अर्थाची आज्ञा मोशेने इस्राएलाला दिली आहे (अनुवाद ३२:७). पौल तीमथ्याला त्याच्या विश्वासाची आठवण देताना त्याची आजी लोईस हिचे नाव आधी घेतो. तेव्हा आजीआजोबांचे स्मरण हा शास्त्रसंमत धर्म आहे. ते स्मरण देवाच्या गौरवासाठी असावे, एवढीच काळजी आपण घ्यावयाची.

देवास गेट हा उज्जैनचा मोठा रहदारीचा भाग. समोर रेल्वे स्टेशन, लागून बसस्थानक, जवळच माधव महाविद्यालय. या बसस्थानकाला उज्जैनचे राजाभाऊ महाकाल यांचे नाव देण्यात आले. १९५५ च्या ऑगस्टमध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहात हातात तिरंगा घेऊन जाताना ते पोर्तुगीजांच्या गोळीला बळी पडले. उज्जैनला मराठी माणसे नवीन नाहीत. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरला राजधानी नेली, त्यापूर्वी शिंद्यांची राजधानी येथेच होती. पुढेही शहर ग्वाल्हेर संस्थानात राहिले. संस्थानाचे टपाल वेगळे होते. १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर 'ग्वालियर' असा छाप मारून ती तेथे चालवीत. १९५० मध्ये ते टपाल भारतीय टपाल खात्यात मिळाले. आजोबा नोकरीस लागले तेव्हा त्या संस्थानी टपालातले जुने लोक अजून कामावर होते, आणि छाननीच्या टेबलावर बसून त्यांनीच आजोबांना काम शिकविले.

आमचे पणजोबा अहमदनगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, पोटापाण्यासाठी माळव्यात आले. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे. माळव्यात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूरहून काम आरंभिले. मराठी बोलणारे आमचे कुटुंब हिंदी उपासनेत बसू लागले. १९७० च्या नोव्हेंबर महिन्यात नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा आजोबांनी घरी म्हटले, "पत्ता बदलला, मालक तोच आहे." धर्मशास्त्राचे एवढेच भाष्य त्यांनी केल्याचे आम्हांस आठवते.

त्यांच्या कामातून आम्हांला जे शिकावयास मिळाले, ते चार भागांत मांडतो.

१. थैली आपली नव्हे

एका सिंहस्थाच्या वर्षाची गोष्ट आजी सांगत असे. उज्जैनला दर बारा वर्षांनी क्षिप्रेच्या काठी सिंहस्थ भरतो. १९८०, १९९२, २००४ आणि २०१६ ही अलीकडची वर्षे. त्या महिन्यात टपालाचे ढीग पडत. आखाड्यांची पत्रे, यात्रेकरूंची पत्रे, घरी पोहोचल्याची आणि हरवल्याची पत्रे. आजोबा पहाटे निघत ते दिवे लागल्यावर परत येत.

त्या दिवसांत बाहेरगावचे एक सुवार्तिक मंडळीत उतरले होते. त्यांनी आजोबांना बाजूला घेऊन विनंती केली की, तुम्ही रोज शेकडो दारांत जाता, तर प्रत्येक घरच्या टपालात एकेक सुवार्तेची पुस्तिका सरकवावी. अशी संधी कोणाला मिळते? आजोबांनी नकार दिला. सुवार्तिकांना वाईट वाटले. त्या रात्रीच्या प्रार्थनासभेत, नाव न घेता, प्रभूची लाज वाटणाऱ्यांविषयी ते कडक बोलले. सर्वांना कळले कोणाविषयी ते. आजोबा मान खाली घालून बसून राहिले.

घरी आल्यावर आजीने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "थैली माझी नाही. लोकांनी ती माझ्या खांद्यावर विश्वासाने ठेवली आहे. तिच्यात मी माझे पत्र घातले, तर उद्या कोण दार उघडील?"

पुढल्या रविवारी बटवडा नव्हता. उपासनेनंतर आजोबांनी त्याच पुस्तिका मागून घेतल्या. खाकी गणवेश घरी ठेवला, पांढरा सदरा घातला आणि स्टेशनसमोर जाऊन उभे राहिले. जो मागेल त्याला दिली. जो नको म्हणाला त्याला नमस्कार केला. रोज ज्यांना पत्रे देत त्यांतलेही काही भेटले. "आज डाकबाबू बिना वर्दी के?" असे कोणी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आज अपनी चिट्ठी बाँट रहा हूँ।"

प्रियजनहो, साक्ष देणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु दुसऱ्याने सोपविलेल्या विश्वासावर पाय देऊन दिलेली साक्ष प्रभूची साक्ष होत नाही. कारभाऱ्याच्या ठायी विश्वासूपणा सापडला पाहिजे, असे पौल करिंथकरांस लिहितो (१ करिंथ ४:२). पौलाने कारभाऱ्यांकडून विश्वासूपणा मागितला. हुशारी किंवा धडाडी यांचा त्या ठिकाणी उल्लेख नाही.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घ्या. पोस्टकार्ड उघडे असते. आपल्या देशात ते १८७९ च्या जुलैपासून सुरू झाले. तेव्हापासून गोरगरिबांची सारी सुखदुःखे उघड्या कार्डावरूनच प्रवास करीत आली. कोणाचे लग्न मोडले, कोणावर कर्ज झाले, कोणाचा मुलगा घर सोडून गेला, हे सारे पोस्टमनला दिसते. आजी म्हणत असे की, इतक्या वर्षांत त्यांनी एकाही घरची बातमी आमच्या घरात आणली नाही. दावीदाने उरीयाच्या हाती त्याच्याच मरणाचे पत्र दिले (२ शमुवेल ११:१४-१५). उरीयाने ते पोहोचविले. तो विश्वासू निघाला, आणि राजा मात्र विश्वासघातकी ठरला. मंडळीत आज किती घरे फुटतात ती उघडी कार्डे वाचणाऱ्यांच्या जिभेने! प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेले दुःख दुसऱ्या दिवशी चहाबरोबर वाटले जाते. आपल्या खांद्यावरच्या थैलीत कोणाकोणाची पत्रे आहेत, याची प्रत्येकाने आठवण करावी.

२. कोपरा फाडलेले कार्ड

माळव्यात, आणि उत्तरेकडे इतरत्रही, अशी रीत होती की शुभवार्तेच्या पत्राला हळदकुंकू लावावे आणि मरणाची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडावा. छाननीच्या टेबलावरच आजोबांना कळे की आज कोणत्या दारात काय द्यावयाचे आहे.

असे कार्ड थैलीत असले म्हणजे त्या गल्लीच्या तोंडाशी आजोबा सायकलवरून उतरत आणि सायकल हातात धरून पायी चालत. मुलाच्या हाती ते कार्ड देत नसत. घरात वडीलधारे कोणी आहे का, हे आधी पाहत.

बसस्थानकाच्या मागच्या बाजूस एक विधवा बाई राहत असे. तिला वाचता येत नव्हते. तिचा एकुलता मुलगा परगावी कामाला होता. त्याची पत्रे आजोबाच तिला वाचून दाखवीत. एके दिवशी कोपरा फाडलेले कार्ड आले. आजोबांनी प्रथम शेजारच्या बाईला बोलाविले, तिला हिच्याजवळ बसविले, मग पायरीवर बसून कार्ड वाचले. बाई म्हणाली, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचले. ती म्हणाली, पुन्हा वाचा. त्यांनी तिसऱ्यांदा वाचले. शब्द काही बदलले नाहीत. त्या दिवशी उरलेले टपाल अंधार पडल्यावर वाटून झाले.

त्यानंतर तिच्या नावे पत्र येण्याचे कारण राहिले नाही. पण इतक्या वर्षांची सवय. ती त्या वेळी दारात येऊन बसे. म्हणून आजोबा तिच्या दाराशी थांबत आणि म्हणत, "माई, आज चिट्ठी नहीं है।" ती म्हणे, "अच्छा, बेटा।" एवढेच. ती जिवंत होती तोवर हे चालले. जिला पत्र येणार नाही, तिच्याही दारात जावयाचे, हे टपाल खात्याच्या कोणत्याही नियमात नाही.

आता कलस्सैकरांस पत्राचा चौथा अध्याय पुन्हा पाहा. तुखिकाला मी तुमच्याकडे का पाठविले, याची कारणे पौल सांगतो. आमचे वर्तमान तुम्हांस कळावे, आणि त्याने तुमच्या मनांस धीर द्यावा. म्हणजे हातात पत्र ठेवले की तुखिकाचे काम संपले असे नव्हते. पत्र वाचल्यावर जे मन हलेल, त्या मनाजवळ त्याने बसावयाचे होते. रडणाऱ्यांबरोबर रडावे अशी आज्ञा रोमकरांस पत्रात आहे (१२:१५). आपण पुष्कळदा रडणाऱ्याच्या हातात एक वचन ठेवतो आणि सायकलवर बसून पुढे जातो. वचन खरे असते, पण आपण उतरलेलो नसतो. आपला प्रभू लाजराच्या कबरेकडे गेला तेव्हा आपण काय करणार आहोत हे त्याला ठाऊक होते, तरी तो रडला. तो मरणाची बातमी घेऊन आला नव्हता, जीवन घेऊन आला होता, तरीही बहिणींजवळ थांबल्यावाचून पुढे गेला नाही.

३. बैरंग पत्र

ज्या पत्राला तिकीट लावलेले नसे, किंवा कमी लावलेले असे, त्याला लोक बैरंग म्हणत. जितके तिकीट कमी, त्याच्या दुप्पट आकार घेणाऱ्याने द्यावयाचा, हा नियम. पैसे दिले तरच पत्र मिळे.

देवास गेटला मजुरीसाठी आलेली कुटुंबे पुष्कळ. गावाकडून कोणी घाईने तिकिटावाचून पत्र टाकी. घेणारी बाई पत्र उलटसुलट करून पाही, पदराची गाठ सोडी, त्यात काही नसे, आणि पत्र परत देण्यासाठी हात पुढे करी. अशा वेळी आजोबा आपल्या खिशातून आकार भरीत. महिनाअखेर घरखर्चात ते पैसे कमी पडत. आजी चिडून विचारी, "तुम्ही पोस्टमन आहात की सावकार?" आजोबा म्हणत, "सावकार परत मागतो."

तुखिक एकटा नव्हता, हे आपण कलस्सै ४:९ मध्ये वाचतो. त्याच्याबरोबर अनेसिम होता. हा फिलेमोनापासून पळालेला दास. तो मोकळ्या हाताने परतत नव्हता, त्याच्या नावावर देणे होते. मालकाच्या दारात तो उभा राहणार होता तो एखाद्या बैरंग पत्रासारखा. घ्यावे की परत करावे, हे मालकाच्या मर्जीवर. आणि पौलाने त्या पत्रात काय लिहिले? याने तुझे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, आणि हे मी माझ्या हाताने लिहीत आहे, असा त्याचा भावार्थ आहे. बंधुभगिनींनो, सुवार्ता यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. आपण सारे देवाच्या दारात तिकिटावाचून आलेली पत्रे आहोत. आपल्यावरचा आकार आपल्याला भरता येण्यासारखा नव्हता. तो प्रभू येशूने वधस्तंभावर आपल्या नावावर मांडून घेतला. त्याने तो स्वतःच्या रक्ताने फेडला, आणि परत मागितला नाही.

आणखी एक विचार. १८५४ च्या ऑक्टोबरपूर्वी टपालाचा दर अंतरावर असे. जितके गाव लांब तितके पत्र महाग. त्या वर्षापासून हलक्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर झाला, मग ते शेजारच्या गावी जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की, जे दूर होते त्यांना आणि जे जवळ होते त्यांनाही ख्रिस्ताने शांतीची सुवार्ता दिली (२:१७). कृपेचा दर अंतरावर नाही. जो तीन पिढ्यांचा ख्रिस्ती आहे त्याला ती स्वस्त नाही, आणि जो काल दारात आला त्याला ती महाग नाही. मंडळीत नव्याने आलेल्या माणसाला मागच्या बाकावर बसवून त्याच्याकडे दुप्पट आकार मागणारे आपण कोण?

४. पत्ता आणि नकार

१५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिन कोड सुरू झाला. ही योजना टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांची. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेश यांचा पहिला आकडा ४. आजचे छत्तीसगडही त्यातच. आजोबांना याचे मोठे कौतुक वाटे. "राज्ये वेगळी झाली, पण टपालाने आपल्याला नगरकरांच्या रांगेतच ठेवले," असे ते म्हणत.

तरी लोकांच्या पत्त्याची तऱ्हा निराळीच असे. देवास गेटजवळ, चहाच्या दुकानामागे, अमक्याच्या भावाला मिळे. असे पत्र 'पत्ता अपुरा' असा शेरा मारून परत पाठविणे नियमाने चालले असते. आजोबा ते पत्र दोनतीन दिवस जवळ ठेवीत आणि प्रत्येक दारात विचारीत. लूकच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ हरवलेले मेंढरू किती वेळ शोधतो? सापडेपर्यंत. त्या शब्दापुढे आपली सारी निमित्ते गळून पडतात. रविवारच्या हजेरीत ज्या मुलाच्या नावापुढे सलग चार रेघा पडल्या आहेत, त्याच्या घरी कोणी गेले आहे काय? की 'पत्ता अपुरा' असा शेरा मारून आपण ते नाव खोडले?

काही पत्रे मात्र घेणारेच नाकारीत. भावाभावांचे वैर असे, मुलीने घरच्यांविरुद्ध लग्न केलेले असे. तिचे पत्र आले की बाप पाहून म्हणे, नको. मग पत्रावर 'घेण्यास नकार' असे लिहून, तारीख घालून, ते परत करावे लागे. आजोबा शेरा लिहिण्यापूर्वी प्रत्येक वेळी एकदा विचारीत, "लिहू का?" काहींनी त्या दोन शब्दांवर हात पुढे केला. काहींनी केला नाही. नाकारलेले पत्र त्यांनी कोणाच्या दारात फेकून दिले नाही, की उंबऱ्याखालून सरकविले नाही.

हिज्कीया राजाने वल्हांडणाचे आमंत्रण सर्व इस्राएलात जासुदांच्या हाती पाठविले. एफ्राईम, मनश्शे आणि जबुलून यांच्या नगरोनगरी ते गेले. पुष्कळांनी त्यांची थट्टा केली. तरी काही जण नम्र होऊन यरुशलेमेस आले (२ इतिहास ३०:१०-११). त्या थट्टेबद्दल शास्त्र जासुदांना दोष देत नाही. घेणे किंवा न घेणे हे घेणाऱ्याचे. पण जासूद दारात गेलाच नाही, तर तो हिशेब कोण देणार? यहेज्केलाला देवाने हेच बजाविले होते. सुवार्ता नाकारली जाईल या भीतीने ती पोहोचविण्याचे टाळणे हे आपल्या अधिकारात नाही. आणि ती बळजबरीने कोणाच्या घरात लोटणे, हेही आपल्या अधिकारात नाही. आजोबांच्या त्या दोन शब्दांत दोन्ही गोष्टी सांभाळल्या होत्या.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

आजोबा निवृत्त झाले तेव्हा सरकारी नोकरीतील निवृत्तीचे वय ५८ होते. १९९८ मध्ये ते ६० झाले. त्यांची खाकी गेली, सायकल जुनी झाली. पुढे काळही बदलला. २०१३ च्या जुलैमध्ये तार बंद झाली. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपालही वेगळे राहिले नाही, ते स्पीड पोस्टात मिळविण्यात आले. आजच्या मुलांनी बैरंग पत्र पाहिलेले नाही आणि कोपरा फाडलेले कार्डही पाहिलेले नाही.

आजोबांच्या मागे एक पत्र्याची पेटी राहिली. तीत नगरकडच्या नातलगांची मराठी पत्रे आहेत. आमच्या घरची धाकटी मुले हिंदी शाळेत शिकतात. लिपी एकच, म्हणून ती पत्रे त्यांना वाचता येतात. पण वाचून झाल्यावर ती वर पाहतात, कारण अर्थ उमजलेला नसतो. कूशी षंढ रथात बसून यशयाचे पुस्तक वाचीत होता, आणि फिलिप्पाने त्याला विचारले की, जे वाचतोस ते समजते काय? तो म्हणाला की कोणी वाट दाखविल्यावाचून कसे समजणार? (प्रेषितांची कृत्ये ८:३०-३१). महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या पुष्कळ मराठी ख्रिस्ती घरांतून आज तो रथ उभा आहे.

आजोबांनी हिंदी उपासनेविषयी कधी कुरकुर केली नाही. मात्र रोज संध्याकाळी घरी मराठी पवित्र शास्त्र उघडीत. एका नातवाने एक वचन मोठ्याने वाचावयाचे, आणि आजोबांनी त्यातला एक शब्द सांगावयाचा. एका दिवशी एकच शब्द. 'करुणा'. 'धीर'. 'जामीन'. त्यांच्या शास्त्रात खुणेसाठी जुन्या दिनदर्शिकेच्या पट्ट्या आहेत. सरकारी कागदाची एकही नाही. आम्हांला जी काही मराठी आली आणि जो काही विश्वास आला, तो त्या एकेका शब्दाने आला.

तेव्हा शिक्षकांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आपल्या वर्गातल्या मुलांना घरच्या किंवा शेजारच्या वृद्धांकडे पाठवा आणि एकच प्रश्न विचारावयास सांगा. कठीण दिवसांत देवाने तुम्हांला कसे सांभाळले? उत्तर मुलांनी आपल्या वहीत, आपल्या अक्षराने उतरून आणावे. वृद्ध माणसे वाट पाहत नाहीत असे समजू नका. कोणी विचारील का, याची ती वाट पाहत असतात. दुसरी, वर्षातून एकदा तरी प्रत्येक मुलाने हाताने एक पत्र लिहून टपालपेटीत टाकावे. पौलाने गलतीकरांस आपल्या हाताने मोठाल्या अक्षरांत लिहिले, आणि त्याने ते मुद्दाम लक्षात आणून दिले (६:११). हाताच्या अक्षरात माणूस येतो. तिसरी, मंडळीत असे कोण आहे ज्याला कोणाचेच पत्र येत नाही, हे शोधा, आणि त्याच्या दारात जा. सांगण्यासारखे काही नसले तरी जा.

शेवटी करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय. पौलाजवळ शिफारसपत्र नाही म्हणून लोक त्याला विचारीत होते. तो उत्तर देतो की, तुम्हीच आमचे पत्र आहात. शाईने नव्हे, देवाच्या आत्म्याने हृदयावर लिहिलेले, आणि सर्व माणसे ते वाचतात. आजोबा आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रे वाहत राहिले. त्यांना भाषण येत नव्हते. परंतु देवास गेटच्या गल्ल्यांत अनेकांनी पवित्र शास्त्र कधी उघडले नसेल, त्यांनी हा एक मनुष्य रोज वाचला. सायकलवरून उतरताना वाचला, खिशात हात घालताना वाचला, "लिहू का?" असे विचारताना वाचला. त्यांच्या दफनाच्या दिवशी जे लोक आले, त्यांत आमच्या मंडळीचे थोडे होते आणि त्यांच्या बीटातले अधिक. आम्हांला अनोळखी असलेली ती माणसे आजोबांची गोष्ट आम्हांलाच सांगत होती.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती प्रभूने काहीतरी पोहोचविण्यास दिले आहे. कोणाच्या हाती वचन, कोणाच्या हाती क्षमा, कोणाच्या हाती वर्षानुवर्षे अडकलेला एक निरोप. ते आपले नव्हे. ते कोणाचे आहे, त्याचा पत्ता वर लिहिलेला आहे.

प्रार्थना : हे स्वर्गीय बापा, जे वडील विश्वासूपणे चालून आमच्यापुढे गेले त्यांच्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. आमच्यावरचा आकार तुझ्या पुत्राने भरला, हे आम्हांस विसरू देऊ नको. जे तू आमच्या हाती दिले आहेस ते आम्ही उघडून मिरवू नये, वाटेत टाकू नये, आणि उद्यावर ठेवू नये. ज्यांच्या दारात कोणी जात नाही, त्यांच्या दारात जाण्यास आम्हांला पाय दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.